पावसाळ्यात लंगडणारं इंजिन: दोन फेऱ्यांत तीन ठेचा

आधी लक्षण सांगते, म्हणजे तुमचं दुखणं तेच आहे का ते कळेल. मे महिन्यापर्यंत घरातल्या मॉडेल रेल्वेचं छोटं विजेवरचं इंजिन सुरळीत चालतं. जून संपता संपता, सुटताना जरा अडखळतं. जुलैत हळू चालवलं की ठरावीक अंतराने ठेच लागल्यासारखं करतं. वेग वाढवला की ठेचा दिसेनाशा होतात, पण दहा मिनिटांत बॉयलरवर हात ठेवला तर आतली मोटर तापलेली कळते. गणपतीच्या सुमाराला ते सुटायलाच नकार देतं, मागून बोट लावावं लागतं. आणि दिवाळीत ठणठणीत! पुढच्या जूनमध्ये पहिले पाढे पंचावन्न.

माझ्याकडे हे चार पावसाळे चाललं. चारही वर्षं मी काही ना काही उपाय केला आणि चारही वर्षं ऑक्टोबरात तो 'लागू पडला'. घोळ इथेच होता. हवा कोरडी पडली म्हणून इंजिन बरं व्हायचं आणि श्रेय मी केलेल्या खटाटोपाला जायचं.

इंजिन डब्ल्यूपी आहे, म्हणजे आपल्या रेल्वेच्या त्या वर्गातल्या वाफेच्या इंजिनाचं मॉडेल. ब्रॉडगेजचं, प्रवासी गाड्यांचं, पुढे बंदुकीच्या गोळीसारखं नाक आणि त्यावर तारा असलेलं. पहिली १६ इंजिनं १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्यातून आली आणि १९६७ पर्यंत एकूण ७५५ झाली. माझं एच-ओ मापाचं, म्हणजे १:८७. खऱ्या इंजिनाचं मोठं चाक १७०५ मिलिमीटरचं, माझं १९.६ चं. वरचा सांगाडा पितळी पत्र्यातून मी कापला, मोठी चाकं एकमेकांना जोडणारे साइड रॉड निकेल सिल्व्हरच्या पट्टीतून. मोटर आणि गिअरबॉक्स मात्र तयार आणले. घर लालबागला, चौथ्या मजल्यावर. पश्चिमेच्या भिंतीला पावसाळाभर ओल असते आणि इंजिनाचं काचेचं कपाट नेमकं त्याच भिंतीला आहे. दुसरी भिंत फ्रिजने घेतली आहे.

पहिल्या वर्षी मी दोष रुळांवर ढकलला. वॉटर पेपर घेतला आणि रूळ चकचकीत घासले. हे करू नका. घासल्यावर पडलेल्या बारीक चरांत काजळी आणखी घट्ट बसते आणि दर पंधरवड्याला घासायची सवय लागते. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, लॅमिंग्टन रोडला सहज मिळतं. जुन्या सुती साडीच्या तुकड्यावर ते घेऊन रूळ पुसले की पुरतं. दुसऱ्या वर्षी पिकअप बदलले, म्हणजे चाकाच्या पाठीला घासून वीज घेणाऱ्या फॉस्फर ब्राँझच्या तारा. बदलायच्याच होत्या, पण ठेचांशी त्यांचा संबंध नव्हता. तिसऱ्या वर्षी वाटलं की क्वार्टरिंग बिघडलं. दोन बाजूंचे क्रँकपिन, म्हणजे चाकावरच्या ज्या पिनांना रॉड लागतात त्या, एकमेकांशी ९० अंशांत हवेत, आणि तिन्ही आसांवर तो कोन तंतोतंत सारखा हवा. तो जरा चुकला की रॉड अडकतात. कोन तपासायचा सोडून मी थेट रॉडची भोकं मोठी केली. त्याचं प्रायश्चित्त अजून भोगते आहे, ते शेवटी सांगेन.

चौथ्या वर्षी श्रावणात अप्पा, माझे वडील, शेजारी येऊन बसले. ते परळच्या वर्कशॉपात फिटर होते आणि नोकरीची पहिली वर्षं वाफेच्या इंजिनांवर गेलेली. माझ्या छंदाकडे ते एरवी खेळणं म्हणूनच बघतात. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "अगं, एका फेऱ्याला किती ठेचा?"

मी म्हटलं, "एक असेल."

"असेल म्हणजे? मोजलंस का?"

खरं वाफेचं इंजिन, दोन सिलिंडरचं, चाकाच्या एका फेऱ्यात धुराड्यातून चार ठोके देतं. ते चार सारख्या अंतराने पडले नाहीत की इंजिन लंगडं, आणि कुठला ठोका चुकला त्यावरून कुठल्या बाजूचा व्हॉल्व्ह बिघडलाय ते माणसं इंजिन न उघडता ओळखायची. अप्पांना तीच सवय. आमच्या बिचाऱ्या विजेच्या इंजिनात ठोके कुठले, पण ठेचा मोजता येतातच की.

मग आम्ही मोजल्या. आठ फुटी सरळ फळीवर रुळाच्या कडेने मास्किंग टेप चिकटवला. इंजिन इतकं हळू सोडलं की चाकाचा एक फेरा सुमारे एका सेकंदात व्हावा. एवढा वेग खऱ्या गाडीच्या हिशेबात ताशी १९ किलोमीटर येतो, म्हणजे यार्डात शिरणाऱ्या गाडीसारखा. ठेच लागली की मी "हं" म्हणायचं आणि अप्पांनी टेपवर पेन्सिलीची रेघ मारायची. दहा ठेचांचं अंतर आलं ४१ सेंटिमीटर. म्हणजे एका ठेचेला ४१ मिलिमीटर.

मोठ्या चाकाचा परीघ आहे ६१.६. ठेच चाकामुळे, रॉडमुळे किंवा क्वार्टरिंगमुळे असती, तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ठेचा त्याच जागी पडायला हव्या होत्या. एक ठेच असो की दोन, ६१.६ च्या मोजपट्टीत त्या पूर्ण बसायला हव्यात. ६१.६ ला ४१ ने भागलं तर दीड येतं. चाकाच्या दोन फेऱ्यांत तीन ठेचा. चाकावर घट्ट बसलेली कुठलीच वस्तू दीड फेरा मारत नाही. म्हणजे तिसऱ्या वर्षी मोठी केलेली भोकं पूर्णपणे वाया गेली, हे त्या क्षणी टेपवर लिहून आलं.

हे अंतर मोजणं इतकं सोपं आहे की आधी का सुचलं नाही याची लाज वाटते. तुमच्या इंजिनाच्या प्रत्येक प्रकारच्या चाकाचा व्यास मोजा, ३.१४ ने गुणा, आणि आकडे कागदावर लिहून ठेवा: मोठं चाक, पुढच्या बोगीचं चाक, टेंडरचं (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याचं) चाक. ठेचांमधलं अंतर मोठ्या चाकाच्या परिघाएवढं किंवा त्याच्या निम्मं आलं तर रॉड, क्रँकपिन, क्वार्टरिंग, नाहीतर आसावरचं गिअर. टेंडरच्या चाकाच्या परिघाशी जुळलं तर त्या चाकाच्या कडेला घाण चिकटली असेल, नाहीतर त्याचा पिकअप एका जागी सुटत असेल. अंतर कशाशीच जुळलं नाही पण दर वेळी सारखंच आलं, तर गिअरबॉक्सकडे बघा. सारखं आलंच नाही, कधी दोन सेंटिमीटर कधी वीस, तर वीज नीट पोचत नाही. आणि इंजिन कुठलंही असो, ठेच फळीवर त्याच एका ठिकाणी लागत असेल, तर तो सांधा उघडा पडला आहे. उगाच इंजिन खोलू नका.

इथे मी पुन्हा घसरणार होते. माझ्या टेंडरची चाकं १२.५ मिलिमीटरची, परीघ ३९.३. ठेच ४१ वर. जवळच की! मी आनंदाने टेंडर उलटं करून चाकं पुसायला घेतली. बऱ्याच पितळी इंजिनांत एका रुळाची वीज इंजिन घेतं आणि दुसऱ्या रुळाची टेंडर, त्यामुळे टेंडरचा संशय कधीच वावगा नसतो. अप्पा म्हणाले, "दहाच्या जागी वीस मोज." वीस ठेचांना ८२ सेंटिमीटर आले. टेंडरचं चाक दोषी असतं तर साडेअठ्ठ्याहत्तरच्या आसपास यायला हवे होते. दहा ठेचांत पावणेदोन सेंटिमीटरचा फरक पेन्सिलीच्या रेघांत हरवू शकतो, वीस ठेचांतला साडेतीन सेंटिमीटरचा हरवत नाही. तेव्हा दहावर थांबू नका.

तरी खात्री म्हणून वीज आणि यंत्र वेगळं केलं. इंजिन थर्माकोलच्या खोबणीत उलटं ठेवलं. (हे थर्माकोल मखराचं, २०१८ च्या बंदीच्या आधीचं. माळ्यावर अजून निम्मी कमान आहे.) मगरचिमट्याच्या दोन तारा थेट मोटरला लावल्या, मध्ये अँपमीटर. मीटर काट्याचा घ्या. डिजिटलमध्ये आकडे नुसते नाचतात, काटा मात्र ठेच लागली की उडी मारतो, ते डोळ्यांना दिसतं. आता रूळ नाही, पिकअप नाही, टेंडर नाही. चार व्होल्टला काटा ९० मिलिअँपवर होता आणि ठरावीक वेळाने २०० च्या पुढे उडी मारायचा. मधल्या चाकावर व्हाइटनरचा ठिपका दिला आणि ठिपका बघत उड्या मोजल्या. दोन फेऱ्यांत तीन. मग साइड रॉड काढले, म्हणजे गिअर लागलेलं मधलं चाकच तेवढं फिरेल. तरीही दोन फेऱ्यांत तीन. मोटर सोडवून एकटी फिरवली तर काटा देवळातल्या समईसारखा स्थिर.

राहिला गिअरबॉक्स. मोटरच्या दांड्यावर स्टीलचा वर्म, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांचं गिअर, त्याखाली एक मधलं दातेरी चाक, त्याखाली आसावरचं. दात मोजले: आसावर ३०, मधल्यावर २०. आसाच्या एका फेऱ्याला मधलं चाक ३० भागिले २०, म्हणजे दीड फेरा मारतं. चोर सापडला. तो पांढरट, किंचित दुधी रंगाचा, नायलॉनचा होता.

नायलॉन हवेतली ओल पितं आणि फुगतं. फार नाही, पण एवढ्याशा चाकाला तेवढं पुरतं. माझ्या चाकाचं कागदावरचं बाहेरचं माप ८.८ मिलिमीटर. अप्पांच्या जुन्या मायक्रोमीटरने ऑगस्टमध्ये मोजलं तर ८.८५ भरलं. शिवाय त्याचं भोक अगदी मधोमध नव्हतं, म्हणजे एक बाजू मुळातच केसभर उंच. कोरड्या हवेत दातांमधली फट तो उंचवटा पोटात घालायची. फुगल्यावर फट संपली आणि उंच बाजू वर्मखाली आली की दात वर्मच्या आट्यात आवळले जायचे. खालच्या बाजूला, आसावरच्या चाकाशी, जागा जास्त होती म्हणून तिथे काही होत नव्हतं. दोन्हीकडे जागा कमी असेल तर मधल्या चाकाच्या एका फेऱ्यात दोन ठेचा लागतील, म्हणजे माझ्यासारख्या गिअरला दर २०-२१ मिलिमीटरवर एक. तेही लक्षात असू द्या.

पण चार वर्षं फसल्यावर नुसत्या तर्कावर भरवसा ठेवायचा नव्हता. पाऊस सुरू असतानाच चाक कोरडं करून दाखवायचं होतं, नाहीतर पुन्हा ऑक्टोबर येऊन श्रेय घेऊन जाणार. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या साठवल्याच होत्या. त्या तव्यावर मंद आचेवर नाही, तर पुड्या फोडून, दाणे पसरट भांड्यात घेऊन ओव्हनमध्ये कोरडे केले, कारण पुडीचा कागद करपतो. मग घट्ट झाकणाच्या डबीत दाणे आणि त्यावर ते चाक. गोकुळाष्टमीला ठेवलं, अनंत चतुर्दशीला काढलं, म्हणजे साधारण तीन आठवडे. दोन-तीन दिवसांत काही होत नाही. ओल आतपर्यंत गेलेली असते आणि ती सावकाशच बाहेर येते. चाक उन्हात किंवा ओव्हनमध्ये घालून घाई करू नका, वाकडं होईल. बाहेर लालबागच्या राजाची गर्दी, धो धो पाऊस, आणि मायक्रोमीटर ८.७९ दाखवतोय. चाक बसवलं, रुळावर ठेवलं. काटा ९० वर, ठेच एकही नाही. आठवडाभर त्याच ओल्या भिंतीच्या कपाटात ठेवल्यावर ठेचा हळूहळू परत आल्या, तेव्हा तर मी टाळ्याच वाजवल्या. घरच्यांना वाटलं, हिचं काहीतरी बिघडलंय.

दुरुस्ती त्यामानाने किरकोळ. नायलॉनच्या जागी त्याच मापाचं, ०.४ मॉड्यूलचं (मॉड्यूल म्हणजे दातांचं माप) २० दातांचं चाक अॅसिटल या प्लास्टिकचं घेतलं. ते ओल फारच कमी पितं. पितळी चाकही चालेल, पण स्टीलच्या वर्मवर ते किरकिरतं आणि रात्री अकरा वाजता खालच्या मजल्यावर ऐकू जातं. नवं चाक बसवताना वर्मची फट नव्याने ठेवावी लागते. त्यासाठी पतंगाच्या कागदाची बारीक पट्टी वर्म आणि चाकाच्या मध्ये घालायची, मोटर हलक्या हाताने दाबून स्क्रू आवळायचे आणि चाक फिरवून पट्टी बाहेर काढायची. पट्टीवर दातांच्या खुणा उमटायला हव्यात, पण ती फाटता कामा नये. फाटली तर मोटर जास्त खाली आहे. शीतपेयाच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिलिमीटर असतो, त्याचा तुकडा मोटरच्या पायाखाली सरकवा. नवं चाक मिळेपर्यंत जुन्यावरच भागवायचं असेल, तर हाच तुकडा तात्पुरता उपाय. फक्त हिवाळ्यात तो काढायचा लक्षात ठेवा, नाहीतर फट जास्त होऊन दात झिजतील.

वंगण दातांना प्लास्टिकला चालणारं, तेही काडीच्या टोकावर मावेल एवढंच. घरात आहे म्हणून खोबरेल घालणारे मला भेटले आहेत. डिसेंबरातल्या थंड सकाळी त्यांचं इंजिन का थिजतं, हे वेगळं सांगायला नको.

आता ज्यांच्या ठेचा यात बसत नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. फक्त वळणावर इंजिन झटका खाऊन थांबत असेल आणि कंट्रोलरचा लाल दिवा लागत असेल, तर ते शॉर्ट आहे: पुढच्या बोगीचं चाक सिलिंडरच्या धातूला टेकतंय. आपल्या ब्रॉडगेजच्या मॉडेलांत हे फार होतं. १६७६ मिलिमीटरचा गेज १:८७ मध्ये १९.३ येतो, आपण वापरतो तो रूळ १६.५ चा. वरचा भाग रुंद, पाय जवळ, आणि मधल्या जागेत सगळंच कोंबलेलं. त्यात वळणं घरातली. खऱ्या ब्रॉडगेजवर १७५ मीटर त्रिज्येच्या आतलं वळण घालत नाहीत. तेच मापात आणायचं तर दोन मीटर त्रिज्या, म्हणजे चार मीटरचं वर्तुळ, आणि आमचा हॉल दहा बाय बारा फुटांचा! माझं वळण १८ इंची, खऱ्या हिशेबात ४० मीटरचं. तिथे डब्ल्यूपी वळतं हाच चमत्कार. सिलिंडरच्या मागच्या आतल्या कडेला नेलपॉलिशचे दोन हात द्या, बहुतेकदा तेवढ्याने भागतं.

आणि नेरळचं छोटं इंजिन करणाऱ्यांना: वळणावर ते अडतं म्हणून गिअरला दोष देऊ नका. १९०७ मध्ये सुरू झालेल्या माथेरानच्या मार्गावर ओरेनश्टाइन अँड कोपेलची जी इंजिनं होती, त्यांच्या कडेच्या चाकांचे आस क्लीन-लिंडनर पद्धतीचे होते. रॉड जोडलेला गाभ्याचा आस जागीच राहायचा आणि त्यावरची पोकळ नळी चाकांसकट वळणाप्रमाणे सरकायची. त्यामुळे सहा चाकं जोडलेलं इंजिन त्या नागमोडी घाटात जायचं. आपल्या मॉडेलात ते नसतं. मधल्या आसाला आडवी अर्धा मिलिमीटर मोकळीक द्या आणि पुढे चला. एक इंजिन नेरळ स्टेशनात ठेवलं आहे. चाकांच्या मधोमध वाकून बघितलं तर थोडंफार कळतं, पण गर्दीच्या वेळी जाऊ नका.

माझं डब्ल्यूपी दोन पावसाळे नीट चाललं आहे. कपाटही शेवटी पूर्वेच्या भिंतीला नेलं. फ्रिज हलवताना जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही. ठेच नाही, पण तिसऱ्या वर्षी मोठी केलेली भोकं आहेतच. हळू चालवलं की रॉड खुळखुळतात, आणि अप्पा पेपरमधून डोकं न काढता म्हणतात, "वाजतंय गं." म्हणून झवेरी बाजारातून सोनारकामाच्या करवतीची बारीक पाती आणली आहेत. अर्ध्या मिलिमीटरच्या निकेल सिल्व्हरमधून नवे रॉड कापायला घेतलेत. दोन पट्ट्या एकत्र डाख देऊन कापायच्या, भोकंही एकत्रच पाडायची, म्हणजे दोन्ही बाजू जुळतात. डावा-उजवा मिळून एक जोड झाला आहे. भोकं या वेळी आधी लहानच पाडली, आणि घड्याळजी वापरतात त्या निमुळत्या ब्रोचने एकेक फेरा देऊन पिन जेमतेम शिरेल इतकीच वाढवते आहे. प्रत्येक फेऱ्यानंतर अप्पा हात पुढे करतात, बघू म्हणून.